विंगेतला माणूस

तुमच्या ऑफिसात कधी झालंय का हे? शनिवार. हक्काची सुट्टी मारून एचआरनं सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये गोळा केलंय. खुर्च्या भिंतीला लावल्यात आणि मधोमध कुर्ता घातलेला एक माणूस अनवाणी उभा आहे. "चला मंडळी, आता आपण सगळ्यांनी झाड व्हायचंय!" अकाउंट्समधले काका वडाचं झाड होतात, टेस्टिंगमधली नवी मुलगी माडाचं, आणि बॉस? तो बॉसच राहतो, फक्त हात वर करून. मग समोसे, ग्रुप फोटो, फीडबॅक फॉर्म. सोमवारी सगळं जैसे थे!

तो कुर्तेवाला बहुतेक वेळा नाटकवाला असतो. आपण हसतो, घरी जातो, विसरून जातो. पण त्याच्याच जमातीतले काहीजण आता या झाडाझुडपांच्या पुढं गेलेत. ते कॉन्फरन्स रूममध्ये सापडत नाहीत, केबिनमध्ये सापडतात. दार बंद. समोर एकच माणूस, तुमचा बॉस किंवा बॉसचा बॉस. आणि यांच्या कार्डावर छापलेलं असतं, 'एक्झिक्युटिव्ह कोच'.

असा एकजण माझ्या गावचा आहे. गाव यवतमाळ. (हो, तेच. शेतकऱ्यांच्या बातम्यांत दिसतं ते. तिथं पोरं एकांकिकाही बसवतात आणि रात्री दत्त चौकात चहा पीत त्यावर भांडतातही, हे बातम्यांत येत नाही.) नाव छापायला त्यानं बंदी घातलीये; क्लायंट लोक छोट्या जगात राहतात, दोन अधिक दोन करतात, म्हणाला. आमच्या गल्लीतला, माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा, म्हणून आपण त्याला 'दादा'च म्हणू.

दादाचा बायोडेटा मराठी नाटकवाल्याचा असतो तसाच. कॉलेजात एकांकिका, मग राज्य नाट्य स्पर्धा, मग बॅग उचलून मुंबई. तिथं नऊ-दहा वर्षं. प्रायोगिक नाटकं पदरमोड करून, व्यावसायिक नाटकात 'आणि इतर'मधली कामं, आणि मालिकांमध्ये इन्स्पेक्टर. "तीन चॅनेलवर मिळून अकरा जणायले अटक केली मी," असं तो स्वतःच सांगतो. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. नोव्हेंबरात अर्ध्या खुर्च्यांवर उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि राज्यातला पडदा परत वर गेला तो २२ ऑक्टोबर २०२१ ला. तोवर गोरेगावच्या खोलीचं भाडं थकलं होतं आणि दादा यवतमाळात आईच्या हातची ज्वारीची भाकरी खात बसला होता.

त्या काळात पुण्याच्या एका आयटी कंपनीतला त्याचा जुना कॉलेजमित्र त्याला व्हिडिओ कॉलवर म्हणाला, उद्या अमेरिकेच्या क्लायंटसमोर प्रेझेंटेशन आहे आणि माझा आवाजच फुटत नाही, काहीतरी कर. दादानं वीस मिनिटं त्याची तालीम घेतली. मित्राचं काम झालं. मग मित्राच्या मित्रानं फोन केला. मग त्या मित्राच्या मॅनेजरनं, पण तो म्हणाला, हे कोणाला कळता कामा नये. इथं धंद्याचा वास आला, असं दादा म्हणतो.

"म्हणजे तू आता नेमकं करतोस काय?" मी विचारलं.

"काई नाई वं. सायेब लोकायचं आयकून घेतो."

"आणि त्याचे पैसे मिळतात?"

"आयकाचेच भेटते. बोलाचे नाई."

आकडा छापू नको म्हणालाय. पण अंदाज द्यायचा तर, आता एका तासाला तो जे घेतो, तेवढ्यासाठी पूर्वी व्यावसायिक नाटकाच्या दोन-तीन नाइट कराव्या लागायच्या. नाइट म्हणजे प्रयोगाचं मानधन. त्यात बसचा प्रवास, नेपथ्याच्या ट्रकची वाट बघणं आणि पहाटे तीनला हायवेवरचं जेवण हे सगळं धरलेलं.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, नाटकवाल्याला बोलता येतं, उभं राहता येतं. पण ज्यानं आयुष्यात कधी बॅलन्स शीट उघडली नाही, तो एखाद्या व्हाइस प्रेसिडेंटला काय शिकवणार, कप्पाळ? प्रश्न रास्त आहे. गंमत अशी की हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्समध्येही विचारता आला असता. डेमॉस्थिनीस हा ग्रीकांचा सगळ्यात नावाजलेला वक्ता. प्लुटार्कनं त्याच्या चरित्रात लिहून ठेवलंय की सुरुवातीला सभेत त्याची फार फजिती व्हायची. एकदा तो तोंड पाडून घरी निघाला असताना सॅटिरस नावाचा नट त्याच्यामागून आला. सॅटिरसनं उपदेश केला नाही. तो म्हणाला, युरिपिडीस किंवा सोफोक्लीसच्या नाटकातलं काहीतरी म्हणून दाखव. डेमॉस्थिनीसनं म्हटलं. मग तेच शब्द सॅटिरसनं स्वतः म्हणून दाखवले, त्या पात्राच्या स्वभावासकट. डेमॉस्थिनीसला ते वेगळेच शब्द वाटले. पुढं त्यानं जमिनीखाली खोली खणून घेतली आणि तिथं सराव केला. रोममध्ये सिसेरोनंही रॉशियस आणि ईसोप या दोन नटांकडून धडे घेतल्याचं प्लुटार्कच सांगतो. म्हणजे नटानं साहेबाला तयार करणं हा एमबीएच्या कितीतरी आधीचा फंडा आहे!

'कोच' हा शब्द मात्र अलीकडचा, आणि तो मुळात गाडीचा आहे. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे, तिथं चांगल्या घोडागाड्या बनायच्या, त्यावरून गाडीलाच कोच म्हणायला लागले. मग १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डची पोरं खासगी शिकवणी घेणाऱ्या मास्तरला गमतीत कोच म्हणू लागली, कारण तो परीक्षेतून 'वाहून' पलीकडे नेतो. यवतमाळकरांनी यावर हसू नये. आमची शकुंतला रेल्वे बंद पडूनही कित्येक वर्षं झाली, कोचात बसून पलीकडे जाणं आम्हाला कधी फारसं लाभलेलं नाही.

ऑफिसातला कोच आला तो खेळाच्या मैदानातून. टिमथी गॅल्वी या अमेरिकन टेनिस शिक्षकानं १९७४ साली 'दि इनर गेम ऑफ टेनिस' लिहिलं. त्याचं म्हणणं सोपं होतं. खेळाडूच्या डोक्यात दोघं राहतात, एक खेळणारा आणि एक सतत बडबडून त्याला अडवणारा. बडबड्याला गप्प करा, खेळणारा आपोआप खेळेल. हे पुस्तक टेनिसवाल्यांपेक्षा कंपनीवाल्यांनी जास्त उचललं. मग जॉन व्हिटमोर हा मोटार रेसिंगमधला चॅम्पियन आला, त्यानं १९९२ मध्ये 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स' लिहिलं. त्यात एक किस्सा आहे, जो दादानं मला दोनदा सांगितला. एकदा टेनिसचे कोच कमी पडले म्हणून व्हिटमोरच्या लोकांनी स्कीइंगच्या कोचांना टेनिसचे कपडे घातले, काखेत रॅकेट दिली आणि ती वापरायची नाही असं बजावून कोर्टावर सोडलं. काम जवळपास तितकंच चांगलं झालं, काही वेळा तर जास्तच! कारण त्यांना टेनिस येत नव्हतं. मनगट असं वळव, पाय तसा ठेव, हे सांगणंच त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, तुला काय जाणवतंय?

बॅलन्स शीटवाल्या प्रश्नाचं उत्तर यात आहे, थोडंफार.

थोडंफार अशासाठी की नटाला कोच होताना जे आड येतं, ते अज्ञान नसतंच. त्याला येत असलेली कला आड येते. दादानं आधी रीतसर कोर्स घेतला, ईएमआयवर. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था; तिच्या पहिल्या पायरीच्या सर्टिफिकेटसाठी किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचं प्रत्यक्ष कोचिंग लागतं. दुसरीला ५०० तास, सगळ्यात वरच्या पायरीला २५००. शिवाय एका अनुभवी कोचसमोर बसून स्वतःच्या कामाची चिरफाड करून घ्यायची. ही सर्टिफिकेटं कायद्यानं सक्तीची नाहीत, बरं का. आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला लायसन्स लागत नाही. उद्या सकाळी तुम्हीही कार्ड छापून आणू शकता, आणि पुष्कळांनी आणलीही आहेत. म्हणून तर दादा तास मोजत बसतो.

तर त्या चिरफाडीत पहिल्याच रेकॉर्डिंगवर त्याच्या मेंटरबाई म्हणाल्या, "तासाभरात चाळीस मिनिटं तुम्हीच बोललात. आणि फार छान बोललात." दादाला तीन दिवस झोप नाही. नट आणि दिग्दर्शक यांच्या हाडात एक गोष्ट मुरलेली असते. समोरच्याचं वाक्य पडलं की ते उचलायचं. तालमीत कुणी अडखळलं की दिग्दर्शक पटकन ते वाक्य म्हणून दाखवतो, "असं घे." कोचनं हे करायचं नाही. ट्रेनर करू शकतो, बॉस करू शकतो, दिग्दर्शकाचं तर कामच ते. कोचनं तो पॉज सहन करायचा. समोरचा माणूस त्याचं वाक्य स्वतः शोधेपर्यंत बसून राहायचं.

आणि मग जे उपयोगी पडतं, ते व्हॉइस मॉड्युलेशनबिड्युलेशनच्या पलीकडलं. कीथ जॉनस्टन नावाचे ब्रिटिश नाट्यशिक्षक होते (२०२३ मध्ये गेले). त्यांच्या १९७९ च्या 'इम्प्रो' या पुस्तकात 'स्टेटस'वर एक मोठं प्रकरण आहे. माणूस खोलीत शिरला की क्षणभरात ठरतं, कोण वर, कोण खाली. पैशानं, हुद्द्यानं नव्हे. मान किती हलते, खुर्ची किती व्यापली, उत्तर द्यायला किती वेळ घेतला, यानं. नोकरही मालकाच्या वर असू शकतो. (मराठी माणसाला हे जॉनस्टननं शिकवायला नको होतं, आपल्या वगनाट्यातला सोंगाड्या राजाच्या दरबारात पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला.) आता तुमची सोमवारची मीटिंग आठवा. कोण एसीच्या समोर बसतं, कोण दाराशी? कोण 'सॉरी, एकच छोटासा मुद्दा' म्हणून सुरुवात करतं? ज्यानं दहा वर्षं विंगेत उभं राहून दुसऱ्यांच्या एन्ट्र्या बघितल्यात, त्याला ही खोली पुस्तकासारखी वाचता येते.

लंडनमध्ये हे सगळं केव्हाच धंद्यात बसलंय. राडा या नाट्यशाळेचा कंपन्यांसाठी वेगळा विभाग आहे. लॉरेन्स ऑलिव्हिएचा मुलगा रिचर्ड ऑलिव्हिए, स्वतः दिग्दर्शक, शेक्सपिअरचा पाचवा हेन्री घेऊन मॅनेजरांना नेतृत्व शिकवतो. त्यावर त्याचं २००१ मधलं पुस्तकही आहे. आपल्याकडे चेन्नईत २००३ साली सुरू झालेल्या 'एवम' या नाटक कंपनीनं कॉर्पोरेट ट्रेनिंगचा मार्ग धरला. ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी उलट्या दिशेनं आले: मनोविकारतज्ज्ञ, १९९० साली आयपीएच ही संस्था काढलेली, नाटकं लिहिणारे, आणि कंपन्यांमध्येही शिकवणारे. हे नाव मी मुद्दाम घेतेय, कारण एक सीमा स्पष्ट हवी. कोच म्हणजे डॉक्टर नव्हे. केबिनमध्ये रडायला लागलेल्या माणसाचं रडणं थांबतच नसेल, तर त्याला योग्य माणसाकडे पाठवायचं असतं, 'सीन' चांगला चाललाय म्हणून पुढं न्यायचा नसतो. नाटकवाल्यांना हा मोह होतो. दादानं कबूल केलं.

आता मुद्द्याचं. मागच्या वर्षी दादाकडे एक केस आली. (तो माणूस स्वतः माझ्याशी बोलला, ओळख न देण्याच्या अटीवर.) पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत टीम लीड, वय एकतीस, आमच्याच जिल्ह्यातला. घरी कापूस, तूर, भाऊ शेतीत. कंपनीनं कोच द्यायचं ठरवलं, पैसे कंपनी भरणार. सुरुवातीला कोच, क्लायंट आणि एचआर अशी तिघांची मीटिंग झाली. एचआर मॅडमनी अगदी गोड आवाजात सांगितलं, "टेक्निकली ही इज ब्रिलियंट. फक्त ॲक्सेंट इश्यू आहे. मॅनेजर लेव्हलला शोभेल असं बोलणं हवं."

विदर्भातून पुण्या-मुंबईला आलेल्या प्रत्येकाला हे वाक्य पाठ आहे. मीही मास कॉमला असताना पहिल्या महिन्यात 'करून राहिले', 'जाऊन राहिले' गिळायला शिकले. कुणी रागावत नाही हो. फक्त हसतात. आपण एखादं वाक्य बोलतो, समोरचे ते पुन्हा म्हणून दाखवतात, आणि सगळे हसतात. प्रेमानंच. दुसऱ्या महिन्यात आपण कमी बोलायला लागतो.

दादाला ही केस सोपी होती. उच्चार शिकवणं त्याच्या हातचा मळ! मुंबईत त्यानं स्वतःचे ळ, ण, च घासून घेतले होते, नाहीतर पुणेरी वकिलाचा रोल कसा मिळणार? आठ सेशनमध्ये पोराला चकाचक करून दिलं असतं, एचआर खूश, पुढच्या चार केसेस पक्क्या. आणि क्लायंटलाही तेच हवं होतं. "सर, माझं बोलणं दुरुस्त करून द्या," हे त्याचं पहिलं वाक्य.

दादा दोन सेशन नुसता ऐकत बसला. तिसऱ्यात म्हणाला, सोमवारच्या मीटिंगमध्ये स्टेटस रिपोर्ट देतोस तसा दे. त्यानं दिला. आवाज घशात, श्वास वर, प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्वर प्रश्नासारखा चढलेला. मग दादा म्हणाला, आता मागच्या हंगामात कापूस जिनिंगवर नेला होता, त्या दिवशी काय झालं ते सांग. आपल्या बोलीत सांग.

तो म्हणाला, काय सांगायचं त्यात. मग सांगायला लागला. रात्री भरलेली गाडी, पहाटेपासूनची रांग, ओलावा जास्त आहे म्हणून भाव पाडणारा ग्रेडर, आणि बापानं त्या ग्रेडरला दिलेलं उत्तर. दहा मिनिटं थांबला नाही. आकडे तोंडपाठ, क्विंटलला किती, कट्टी किती, कुठं अडवलं, कसं सोडवलं. "मॅडम, थोच तर स्टेटस रिपोर्ट होता," दादा मला म्हणाला. मला तो चेष्टेत मॅडम म्हणतो. सॅटिरसनं डेमॉस्थिनीसला जे दाखवलं ते हेच, फक्त इथं दोन्ही वेळा बोलणारा एकच होता.

दादानं एवढंच विचारलं, "दोन्हीत फरक काय दिसला?" आणि गप्प बसला. क्लायंट मला म्हणाला, "ताई, तो गप्प बसला तेव्हा मला राग आला होता. पैसे कशाचे घेतो असं वाटलं." पण मग त्याचं त्यालाच सापडलं. मीटिंगमध्ये तो वाक्य आधी बोलीत जुळवायचा, मग शुद्ध करायचा, मग इंग्रजीत न्यायचा, मग मॅनेजरच्या चेहऱ्याकडे बघायचा. तोवर पुण्यातलाच दुसरा कुणीतरी तोच मुद्दा बोलून मोकळा! ॲक्सेंट ऐकू यायला तो तोंड तरी कुठं उघडत होता?

पुढची पाच सेशन्स उच्चारांना हात न लावता झाली. कुठं बसायचं हे बदललं. पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य बोलायचंच, असं त्यानं स्वतः ठरवलं. 'सॉरी' काढून टाकलं. उत्तराआधी एक श्वास. तालीम, तालीम, तालीम. शेवटी एचआरच्या फॉर्मवर शेरा आला: 'ॲक्सेंटमध्ये लक्षणीय सुधारणा'! दादानं मॅडमना फोन करून प्रामाणिकपणे सांगितलं की ॲक्सेंटला मी हातसुद्धा लावलेला नाही. पलीकडे जरा शांतता पसरली, म्हणाला. प्रमोशन त्या वर्षी मिळालं नाही, तेही सांगून टाकते. ते पुण्याच्याच दुसऱ्या कुणाला मिळालं. यंदाचं अप्रेझल अजून व्हायचंय.

मी दादाला विचारलं, हातचं काम सोडून हे का केलंस? तो म्हणाला, शंकर बडे यायले पाह्यलं असतं तर तू हे विचारलं नसतं. शंकर बडे म्हणजे आमच्या यवतमाळचे वऱ्हाडी कवी, २०१६ मध्ये गेले. 'बॅरिस्टर गुलब्या' हा त्यांचा एकपात्री प्रयोग अस्सल वऱ्हाडीत असायचा. एकटा माणूस, एक माइक, आणि भाषा तीच, जिची पुण्यात आपल्याला लाज वाटते. दादानं लहानपणी ते पाहिलेलं. नटाला बोली म्हणजे दोष वाटत नाही, ती त्या पात्राची हाडं असतात. ट्रेनरला ती फॉर्मवरचा रकाना वाटते, हा फरक.

यवतमाळचं याहून मोठं उदाहरण तर सगळ्या महाराष्ट्रानं बघितलंय. ११ जानेवारी २०१९. ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. आमच्या गावात त्याआधी संमेलन झालं होतं १९७३ ला, तेव्हा अध्यक्ष होते गदिमा. या वेळी अरुणा ढेरे. उद्घाटनासाठी आधी नयनतारा सहगल यांना बोलावलं, मग ते निमंत्रण मागं घेतलं आणि राज्यभर गदारोळ उठला. ऐनवेळी उद्घाटनाला उभ्या राहिल्या वैशाली येडे. कळंब तालुक्यातल्या, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या. एवढ्या वादात, एवढ्या मोठ्या मांडवात, साहित्यिकांसमोर त्या बोलल्या आणि लोक ऐकत राहिले. मी तेव्हा पुण्यात हॉस्टेलवर होते. चारजणी एका मोबाइलवर डोकी घालून बघत होतो.

तेव्हा फार थोड्यांनी विचारलं की ही बाई याआधी कुठं उभी राहिली होती. रंगमंचावर! श्याम पेठकर यांनी लिहिलेलं 'तेरवं' हे नाटक वर्ध्याच्या हरीश इथापे यांनी बसवलं, त्यात कामं करणाऱ्या होत्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरातल्याच बायका आणि मुली. वैशाली येडे त्यांतल्या एक. त्याच वर्षी पुढं त्या यवतमाळ-वाशिममधून लोकसभेलाही उभ्या राहिल्या. निवडून आल्या नाहीत, पण उभ्या राहिल्या.

केबिनमधल्या साहेबाचं टेन्शन आणि या बायकांचं जगणं एका तराजूत घालायचा वेडेपणा मी करणार नाही. पण काम बघा. एक नाटकवाला आहे, त्याला स्वतःला उत्तम बोलता येतं. तो या बायकांची गोष्ट स्वतः स्टेजवर जाऊन सांगू शकला असता. टाळ्या पडल्या असत्या, बक्षिसंही मिळाली असती. त्याऐवजी तो विंगेत उभा राहिला. मला विचाराल तर आमच्या भागातलं सगळ्यात चांगलं कोचिंग हेच, आणि त्याला कुणी कोचिंग म्हटलं नाही, सर्टिफिकेट दिलं नाही, तासाचा रेट तर नाहीच नाही.

दादापुढं हाच पेच आहे, फक्त त्याला विंगेत उभं राहण्याचे पैसे मिळतात. आणि त्याची किंमतही मोजावी लागते. गेल्या दिवाळीआधी त्याला मुंबईहून फोन आला. व्यावसायिक नाटक, मोठा निर्माता, या वेळी 'आणि इतर' नव्हे, चक्क दुसरी मुख्य भूमिका. पंचवीस प्रयोगांचा दौरा. नाटकाच्या तारखा ऐनवेळी हलतात, आणि कोचिंगच्या हलवता येत नाहीत. ज्या माणसानं मंगळवारी चार वाजता बोलायची हिंमत गोळा केलीये, त्याला तुम्ही 'बुधवारी बघू, कोल्हापूरला प्रयोग लागलाय' असं सांगू शकत नाही. सहा क्लायंट अर्ध्यावर होते. दादानं नाही म्हणून कळवलं.

काकू मला म्हणाल्या, त्यानंतर दोन दिवस तो घरात कोणाशी बोलला नाही. गच्चीवर बसून होता. "इतके दिवस म्हणे, रोल भेटत नाई, रोल भेटत नाई. आता भेटला तं काहून सोडला वं त्यानं?" मला उत्तर देता आलं नाही. ज्या वाचकांनी पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत रात्री जागवून मग कॅम्पस इंटरव्ह्यूत टाय बांधला, त्यांना ते बहुधा माहीत असेल. आपल्यातल्या कितीजणांनी भरत नाट्यचा तो ओरडा आयुष्यात एकदाच ऐकला आणि नंतर फक्त सेंड बटण दाबलं!

तुम्हाला कंपनीनं कोच दिला असेल, तर जाता जाता एवढं विचारून घ्या: मी इथं बोलेन त्यातलं एचआरकडे काय जाणार? चांगला कोच हे पहिल्याच दिवशी स्वतः सांगतो, लेखी सांगतो. तो तुमच्यापेक्षा जास्त बोलत असेल, तर तुम्हाला कोच मिळालेला नाही, कीर्तनकार मिळालाय. आणि तुम्ही स्वतःच नाटक, नाच, गाणं सोडून या धंद्यात यायचं म्हणत असाल, तर दादाचा सल्ला: आधी सहा महिने रविवारी कुणाचं तरी फुकट ऐकून बघा. मध्ये एकदाही स्वतःचा किस्सा न सांगता. जमलं तर कोर्सची फी भरा.

शंभरातले त्याचे एकाहत्तर तास झालेत. शनिवारी-रविवारी तो कॉलेजच्या पोरांची एकांकिका बसवतो, बिनपैशाची. तिथं मात्र त्याला वाक्य म्हणून दाखवायची मुभा आहे आणि तो ती पोट भरून वापरतो, असं पोरं सांगतात.

मागच्या महिन्यात आम्ही दत्त चौकात चहा घेत होतो. पावणेचारला दादा एकदम उठला, शर्ट नीट केला, घसा खाकरला. चेहरा असा, जणू तिसरी घंटा झालीये. चारला कॉल होता, आणि घरी जाऊन इन्व्हर्टर चालू आहे का ते बघायचं होतं.

"कोणाचा आहे?" मी विचारलं.

"सांगता येत नाई," म्हणाला, आणि चहाचे पैसे माझ्यावर टाकून गाडीला किक मारली.